चिकाची मात्रा

बिजली व्याली तेव्हा हसबनीस सरांनी वासराबद्दल काहीच विचारलं नाही. गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "तोडकर, चीक किती निघेल?"

माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते. वासरू अजून पायावर उभं राहायची खटपट करत होतं.

"सर, आधी याला पाजू द्या."

"पाजा, पाजा. पण बेताने पाजा. ते वासरू आहे, आपण विज्ञान करतोय."

मी तेव्हा सोनगिरवाडीच्या पशुवैद्यक संस्थेत नुकतीच लागलेली संशोधक होते आणि हसबनीस सर आमचे विभागप्रमुख. बिजली ही आमची काळी-पांढरी होल्स्टीन संकरित गाय. ती गाभण असताना आम्ही तिला एक लस टोचली होती. माणसाच्या जठरात वर्षानुवर्षं घर करून राहणारा, आतडं जाळणारा, अल्सर करणारा एक पिळदार जंतू असतो, त्याची. लशीतला जंतू मेलेला असतो, पण गाईच्या शरीराला ते कळत नाही. ते त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि गाय व्याली की ती चिकात उतरतात. वासराचं पोट भरून उरलेला चीक आजारी माणसाला पाजला तर ती प्रतिपिंडं पोटात जाऊन जंतूला चिकटतील, त्याला जठराच्या अस्तराला धरू देणार नाहीत, अशी आमची कल्पना होती.

कल्पना सुचायला कारणही तसंच होतं. आमच्या तालुक्यात शिंक आली तरी मेडिकलच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घ्यायच्या आणि दोन घेऊन बरं वाटलं की उरलेल्या दोन शेजाऱ्याला द्यायच्या, अशी रीत होती. त्याला शेजारधर्म म्हणत. जंतू त्या गोळ्यांवर पोसून असे मस्तवाल झाले होते की तालुक्यातले पोटाचे डॉक्टर नदाफ म्हणायचे, "औषध लिहून देताना मला आता रुग्णापेक्षा जंतूचीच जास्त लाज वाटते."

आमच्या चिकाला पथ्य एकच. तो हलका कोमट करून गाळायचा, लहान बाटल्यांत गोठवायचा, आणि रोज एक बाटली वितळवून उपाशीपोटी तशीच प्यायची. तापवायची नाही. वाफवला किंवा उकळला की प्रतिपिंडं गेली. मग राहतं ते नुसतं दूध.

माणसांना पाजायचा म्हणून नीतिसमितीची परवानगी लागली. समितीचे अध्यक्ष म्हणजे संस्थेचेच अध्यक्ष, दौलतराव जगदाळे, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी बैठकीत एकच प्रश्न विचारला होता, "गाईला त्रास नाही ना होणार?" नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली. माणसांचा विषय निघालाच नाही.

डॉक्टर नदाफांनी पाठवलेल्यांत पहिलं नाव होतं कुमुद लोंढे यांचं. प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई. एका गोळीने त्यांच्या अंगावर गांधी उठत, दुसरीने घसा सुजून श्वास कोंडला होता, आणि ज्या गोळ्या त्यांना सोसत त्यांना जंतू भीक घालत नव्हता. कित्येक महिने बाई पेजेवर होत्या. वर्गात खुर्चीवर बसून, टेबलाला पोट दाबून धरून बाराखडी शिकवत.

त्या संस्थेत आल्या त्या थेट गोठ्याकडे निघाल्या.

"आधी गाय दाखवा. जिचं दूध प्यायचं तिची ओळख नको?"

मी त्यांना बिजलीसमोर नेलं. बाईंनी तिला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मावशी, आता तुमच्यावर भिस्त आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत."

बिजलीने त्यांच्या पदराचा वास घेतला. बाई हसल्या, आणि हसताना पोटावर हात गेला. तो हात माझ्या लक्षात राहिला.

बाटल्या भरून तयार झाल्या आणि भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांनाही त्याच जंतूने धरलं होतं. खुर्चीत असलेल्या माणसाचं पोट बिघडलं की ते तालुक्याचं बिघडतं. त्या महिन्यात दोन मुख्याध्यापकांच्या बदल्या झाल्या होत्या आणि त्याचं कारण सगळ्यांना जळजळ एवढंच ठाऊक होतं.

हसबनीस सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सगळ्या बाटल्या बंगल्यावर पाठवा."

"सगळ्या? सर, त्यात चार माणसं भागली असती. एकट्या माणसाला एवढं लागत नाही."

"मोठ्या माणसाला मोठी मात्रा लागते."

"आणि लोंढेबाई?"

"पुढच्या वेताला बघू."

"पुढचं वेत वर्षाने, सर. बाई तोवर टिकायला हव्यात."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा अगदी दयाळू झाला. "तोडकर, बाई गेल्या तर आपला एक रुग्ण जाईल. भाऊसाहेब रागावले तर गोठा जाईल. विज्ञानात दूरचं बघायचं असतं."

बर्फाची पेटी बंगल्यावर गेली. वर झाकणावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तापवू नये'. बाईंना सांगायला मीच गेले. त्या फळा पुसत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे. पोट सगळ्यांना सारखंच दिलंय देवाने, रांग तेवढी वेगळी दिलीय." मग खुर्चीत बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "म्हणा रे, ग गाईचा."

माझं काम दर सोमवारी बंगल्यावर जाऊन भाऊसाहेबांची चौकशी करायचं. पहिल्याच सोमवारी ते झोपाळ्यावर बसून हसत होते. असं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं; कार्यकर्ते जरा बिचकूनच उभे होते.

"तोडकरबाई, जळजळ अर्ध्यावर! काय जादू आहे हो तुमच्या चिकात!"

पुढच्या सोमवारी जळजळ गेलीच होती. त्याच्या पुढच्या सोमवारी मी श्वासावरून जठरातला जंतू मोजायच्या तपासणीच्या पिशव्या घेऊन गेले. त्यांनी पिशवीत अशी जोरात फुंकर मारली की कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासणीत दिसलं ते असं, की जंतू जिथे होता तिथेच होता, आणि जेवढा होता तेवढाच होता.

मी धावत सरांकडे गेले. "सर, जंतू हललेला नाही. थोडासुद्धा कमी नाही."

"भाऊसाहेबांना कसं वाटतंय?"

"छान वाटतंय म्हणतात."

"मग झालं. रुग्णाला बरं वाटतंय. जंतूला काय वाटतंय ते आपण कशाला विचारायचं?"

माझं समाधान होईना. चिकाने थोडा तरी फरक पडायलाच हवा होता. चीक बंगल्यावर नीट ठेवतात का ते बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच, वेळ ठरलेली नसताना, मी गेले. दिवाणखान्यात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत होता.

भाऊसाहेबांच्या आई ओट्यापाशी उभ्या होत्या. सगळं गाव त्यांना आऊ म्हणायचं. त्यांनी मोदकपात्राचं झाकण उचललं, वाफ बाजूला केली आणि आतला थाळा बाहेर काढला. सुरेख पांढरा, थरथरणारा, वर जायफळ भुरभुरलेला खरवस.

"आलीस व्हय? बस की. घे, गूळ बराबर पडलाय का बघ."

ओट्यावर आमची रिकामी बाटली होती.

"आऊ, हा... हा त्या बाटलीतल्या चिकाचा?"

"मग? भाऊला कच्चा चीक पाजू? आजारी मानसाला? ओकला आसता की गं."

"पेटीवर लिहिलं होतं, तापवू नये म्हणून."

"व्हय, सून म्हनली तसं. म्हनून म्या तापवला न्हाई, वाफवला."

मी त्यांना सगळं सांगितलं. गाईला टोचलेली लस, चिकात उतरलेलं औषध, वाफेने ते कसं मरतं. आऊंच्या हातात झाकण तसंच.

"म्हंजे इतके दिस म्या त्याला नुसता खरवसच घातला?"

"हो."

"मग त्यो बरा कसा झाला गं?"

"मलाही तेच कळत नाही. दुसरं काय चालू आहे त्यांचं?"

आऊ लाजल्यासारख्या हसल्या. "लहानपनापासनं खरवसाचा भुकेला. म्या त्याला सांगितलं, खरवस रोज पायजे आसंल तर रातच्याला ते लाल रश्श्याचं ताट बंद. मित्रांसंगं त्या बाटल्या बंद. आन् ते सारखं डोकं दुखतंय म्हनून गोळ्या गिळतो ना, मूठमूठ, त्या तर म्या परसात पुरल्या. औषधासंगं चालत न्हाई, सरांचा निरोप हाय म्हनलं. सरांच्या नावानं ऐकतो त्यो. माझ्या नावानं कवा ऐकलंय?"

जठराची साल काढणारं सगळं या बाईने एका थाळ्याच्या जोरावर बंद केलं होतं. जंतू आत तसाच बसून होता, फक्त त्याला कुणी रसद पुरवत नव्हतं.

"आणि किती बाटल्या उरल्यात, आऊ?"

त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. निम्म्याहून जास्त.

मी तेव्हा लोंढेबाईंबद्दल बोलणार नव्हते. पण तोंडातून निघालंच. पेज, टेबलाला दाबलेलं पोट, ग गाईचा. आऊंनी झाकण खाली ठेवलं.

"ह्या बाटल्या त्या मास्तरीनबाईच्या व्हत्या?"

"हो."

"आन् भाऊला ठावं हाय?"

"त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही."

"तसंच आसतंय त्यांचं," आऊ म्हणाल्या आणि बाटल्या स्वतःच पेटीत भरू लागल्या. "ने."

"भाऊसाहेब काय म्हणतील? त्यांना रोजचा खरवस..."

"आमची मुऱ्हा म्हैस काल व्यालीया. त्याला खरवसाशी मतलब. त्यो घालते की."

पेटी उचलून आम्ही दिवाणखान्यात आलो तर भाऊसाहेब चार कार्यकर्त्यांसह आत शिरत होते.

"काय नेताय, तोडकरबाई?"

"रिकाम्या बाटल्या," आऊ म्हणाल्या. "भरून आनायला."

"वा! पळा, पळा," भाऊसाहेब म्हणाले. "अरे, बाईंची पेटी उचला रे कुणीतरी!" आणि त्यांच्या एका कार्यकर्त्याने ती जड रिकामी पेटी निमूटपणे माझ्या स्कूटरवर बांधून दिली.

लोंढेबाईंनी पहिली बाटली माझ्यासमोर प्यायली. नाक मुरडलं. "चव काही खास नाही हो तुमच्या मावशीची." त्या आठवड्यात फरक नव्हता. मग एका दुपारी शाळेवरून जाताना मला खिडकीतून त्या दिसल्या. उभ्या राहून फळ्यावर लिहीत होत्या. दोन्ही हात मोकळे. मी आत गेले नाही. रस्त्यातच थोडा वेळ थांबले.

पुढे त्या दुधात कुस्करून भाकरी खायला लागल्या. श्वासाच्या तपासणीत जंतू बराच दबलेला दिसला. गेला नव्हता, पण दबला होता. मी नदाफांना दाखवलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग बाटल्या संपल्या आणि हळूहळू जंतूने पुन्हा डोकं वर काढलं. पण तोवर बाईंच्या अंगात प्रवासाचं बळ आलं होतं. नदाफ त्यांना पुण्याला घेऊन गेले, जठरातला तुकडा काढून त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला, आणि तो अजून ज्याला भीत होता आणि बाईंनाही सोसेल असं एक औषध शोधून काढलं. त्याने त्या बऱ्या झाल्या.

मी सरांना म्हटलं, "सर, आपल्याला निकाल मिळालाय. चीक जंतू मारत नाही, पण दाबून धरतो. घेत आहे तोवर. गोळ्या चालत नाहीत अशा माणसाला तेवढी सवड पुरते. आणखी माणसांवर करून पाहायला हवं."

सर हळहळले. "'घेत आहे तोवर.' तोडकर, असं वाक्य कुणी फलकावर लिहितं का?"

फलक तयार झालेला होता. भाऊसाहेबांनी बिजलीचा जाहीर सत्कार ठरवला होता. संस्थेच्या मैदानात मांडव, मागे भला मोठा फलक, 'अध्यक्षांना जीवदान देणारी गोमाता', आणि त्यावर लांब कानांच्या, मोठ्या वशिंडाच्या लाल गाईचं चित्र. त्याच्यासमोर आमची काळी-पांढरी, सपाट पाठीची बिजली उभी. कुणालाही खटकलं नाही. बिजलीने अंगावरची शाल खाली पाडली आणि शेजारी बसलेल्या हसबनीस सरांच्या गळ्यातला झेंडूचा हार सावकाश खाऊन टाकला. सर हसत राहिले; छायाचित्रं निघत होती.

भाषणं झाली. मग एका वार्ताहराने आऊंपुढे ध्वनिक्षेपक धरला. "आऊ, हे औषध तुमच्या हातून दिलं गेलं. कसं द्यायचात, सांगाल?"

आऊंनी पदर सारखा केला. "सांगते की. चिकात तेवढंच दूध घालायचं. गूळ किसून, येलदोडं, वाईच जायफळ. अन् मोदकपात्रात चांगला घट्ट हुस्तवर वाफवायचा."

पहिल्या रांगेतल्या नदाफांनी डोळे मिटले.

"म्हणजे... वाफवून?" वार्ताहर म्हणाला.

"मग कच्चा द्यायचा व्हय? आन् ह्या गाईचा तरी कुठं सगळा दिला? शेवटी शेवटी आमच्या म्हशीचाच हुता. ही तोडकरबाई म्हनली की वाफवलं तर त्यातलं औषध मरतंय. मेलंच आसंल. म्या आपली खरवस म्हनून दिला."

मला वाटलं, आता संपलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझ्या बाजूला सरांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. मग ते उठले, ध्वनिक्षेपक हातात घेतला, आणि त्यांचा आवाज भरून आला.

"मित्रहो! ऐकलंत? पाश्चात्त्य विज्ञान सांगतं, तापवू नका. आपली माऊली सांगते, वाफवा! आणि गुण कुणाच्या हाताला आला? गाय असो, म्हैस असो, आपल्या स्वयंपाकघरात जे ज्ञान पिढ्यानपिढ्या शिजतंय, त्याच्यापुढे ही संस्था नतमस्तक आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिजली बुजली. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि उभं राहून तिथल्या तिथे जाहीर केलं, की संस्थेच्या आवारात खरवस संशोधन केंद्र उभं राहील आणि त्याचे संचालक हसबनीस असतील.

पायऱ्या उतरताना आऊंनी माझं मनगट धरलं. "पोरी, म्या खरंच सांगितलं न्हवं?"

"अगदी खरं सांगितलंत."

"मग टाळ्या कशापायी वाजवल्या?"

मी त्यांना हात देऊन शेवटची पायरी उतरवली.

केंद्र झालं. मी राजीनामा देऊन नदाफांच्या छोट्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आम्ही गोळ्यांना दाद न देणारे जंतू तपासत असू आणि दुसऱ्या एका गोठ्यातल्या गाईला पुन्हा लस टोचायची परवानगी मागत असू. केंद्रातला खरवस मात्र उत्तम असायचा. सगळ्या जिल्ह्यातून लोक यायचे. भाऊसाहेबांना आता पूर्ण बरं वाटत होतं, त्यामुळे पथ्याची गरज राहिली नाही. लाल रस्सा परत आला, मित्र परत आले, डोकेदुखीच्या गोळ्याही परत आल्या.

दीडएक वर्षाने एका दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि कार्यकर्त्यांनी त्यांना उचलून नदाफांकडे आणलं. रक्त थांबलं. त्यांच्याही जठरातला जंतू आमच्याकडे तपासायला आला. मी निकाल सांगायला खोलीत गेले तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. खुणेने त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आऊ तेवढ्या खिडकीपाशी बसून राहिल्या; त्यांना बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती.

"तोडकरबाई, खरं सांगा. त्या चिकात खरोखर काही होतं?"

"होतं, भाऊसाहेब."

"मग माझ्या पोटात काय गेलं?"

"खरवस."

"म्हणजे आऊ त्या दिवशी बोलली ते..."

"सगळं खरं होतं."

"मला वाटलं, म्हातारी विनयाने बोलतेय." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि खरं औषध कुणी घेतलं?"

"लोंढेबाईंनी. मुळात त्यांचंच होतं."

"गुण आला त्यांना?"

"घेत होत्या तोवर आला. तेवढ्या अवधीत पुढचा उपचार करता आला. आता भाकरी-ठेचा खातात."

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. खूप हळू आवाजात म्हणाले, "मग मला आता थोडं मिळेल का? कच्चं चालेल."

"नाही, भाऊसाहेब. आम्हाला लशीची परवानगी अजून मिळालेली नाही, आणि तुमच्या केंद्रात गाईंना लस टोचणं पहिल्याच महिन्यात बंद केलं. खरवसाला तिची जरूर नव्हती."

खिडकीपाशी आऊंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही.

"तुमच्या जंतूवर चालेल असं एक औषध सापडलंय," मी म्हटलं. "गोळ्या पूर्ण घ्याव्या लागतील. मधेच सोडायच्या नाहीत, शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत."

"घेईन," ते म्हणाले. "पण एक करा. हे बाहेर कुठं बोलू नका. पुढच्या आठवड्यात केंद्राच्या दुसऱ्या मजल्याचं भूमिपूजन आहे."

"दुसऱ्या मजल्याचं भूमिपूजन कसं करतात, भाऊसाहेब?"

"ते हसबनीसांना ठाऊक," म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले.